नानांची आगगाडी

ग्रँट रोड स्टेशनातून बाहेर पडून चार पावले चालले की नाना चौक लागतो. बसचा कंडक्टर दिवसातून कितीतरी वेळा त्या नावाचा पुकारा करतो. उतरणारे उतरतात, चढणारे चढतात, पण हे नाना कोण, असा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. कोणी विचारलाच, तर नाना फडणवीस असे ठोकून देणारेही भेटतात! वास्तविक हे नाना म्हणजे जगन्नाथ शंकरशेट. ज्या लोकलने आपण रोज कामावर जातो आणि ज्या गाडीने सुट्टीत गावी जातो, ती आपल्या मुलखात यावी म्हणून प्रथम ज्यांनी उचल घेतली, त्या मोजक्या माणसांत त्यांचे नाव फार वरचे आहे.

नानांना भारतीय रेल्वेचे जनक म्हणण्याची प्रथा आहे. जयंती-पुण्यतिथीला तसे म्हणून आपण मोकळे होतो. पण नानांनी ना इंजिन बांधले, ना बोगदा खणला, ना रेल्वेचे सारे भांडवल पुरवले. भांडवल बहुतेक लंडनचे, इंजिनिअर विलायतेचे आणि घाम इथल्या मजुरांचा. मग नानांनी दिले तरी काय?

साखेचा माणूस

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाडला झाला. घराणे दैवज्ञांचे, आडनाव मुरकुटे. वडील शंकरशेट यांनी मुंबईत व्यापारात अमाप पैसा मिळवला. १८२२ मध्ये ते वारले तेव्हा नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते. या वयात हाती एवढी दौलत आली की पुढची कथा आपल्याकडे साधारणपणे ठरलेली असते. नानांच्या बाबतीत ती उलटी घडली. पैसा तर त्यांनी वाढवलाच, पण पैशापेक्षा मोठी अशी साख मिळवली. अरब आणि अफगाण व्यापारी आपला ऐवज पेढीत ठेवण्याऐवजी नानांच्या स्वाधीन करत, अशी त्यांची ख्याती होती.

ही साख त्यांनी नव्या कामांच्या मागे उभी केली. एल्फिन्स्टनच्या काळात सुरू झालेल्या शिक्षणकार्यात ते तरुण वयातच पडले. मुंबई सरकारच्या शिक्षण मंडळावर त्यांनी अनेक वर्षे काम केले. मुलींना शिकवणे म्हणजे धर्म बुडवणे, असे भलेभले मानत होते, त्या दिवसांत त्यांच्या वाड्यात मुलींची शाळा भरली. सतीच्या चालीविरुद्धही ते ठाम राहिले. आणि हे सारे करणारा माणूस रोजची पूजाअर्चा चुकवणारा नव्हता. म्हणूनच त्यांचा शब्द सोवळ्यातल्या घरातही चाले आणि गव्हर्नराच्या बंगल्यावरही.

लोखंडी रस्त्याचे वेड

त्या काळची मुंबई डोळ्यांसमोर आणा. बंदर उत्तम, पण पाठीमागे सह्याद्रीची भिंत. खानदेश-वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांवर लादून घाट उतरायचा. वाटेत पाऊस गाठायचा, कापूस भिजायचा, बैल मरायचे. १८३० मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला, तरी पावसाळ्याचे हाल संपले नव्हते. १८४३ साली मुंबई सरकारचे मुख्य इंजिनिअर जॉर्ज क्लार्क भांडुपला गेले असता त्यांच्या मनात आगगाडीची कल्पना आली. मुंबईपासून ठाणे, कल्याणपर्यंत आणि पुढे थळ व बोर या दोन घाटांवरून लोखंडी रस्ता न्यावा, अशी ती कल्पना होती.

इंग्लंडात आगगाडी धावू लागून तेव्हा दोन तपेही झाली नव्हती. मुंबईत तिला कोण विचारणार? पण विचारणारे निघाले. १८४५ मध्ये नाना आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांनी पुढाकार घेतला, शहरातले व्यापारी एकत्र आले आणि या खटपटीला आकार आला. पुढे १ ऑगस्ट १८४९ रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी रीतसर स्थापन झाली. हीच आपल्या आजोबा-पणजोबांची जी.आय.पी. तिच्या संचालकांच्या यादीत हिंदी नावे दोनच होती. एक जमशेटजींचे आणि दुसरे नानांचे.

ही दोन नावे केवळ शोभेची होती काय? तसे म्हणता येणार नाही. रेल्वेला जमीन हवी, माल हवा, प्रवासी हवेत आणि यांतली प्रत्येक गोष्ट लोकांच्या विश्वासावर अवलंबून असते. पोटात विस्तव घेऊन धावणाऱ्या यंत्रात बायकामुलांसह बसायचे, ही साधी गोष्ट नव्हती. लोकांनी तर गाडीचे चाक्या म्हसोबा असे बारसेच करून टाकले होते. पुलाच्या पायात माणसे बळी देतात, अशा अफवाही उठत. अशा वेळी कंपनीच्या कागदावरची साहेबांची नावे परकी होती. गिरगावातल्या शेटजींचे नाव मात्र आपले होते. नानांनी रेल्वेला दिले ते हे, आपले नाव. पिढ्यांची साख त्यांनी एका न पाहिलेल्या यंत्राच्या मागे लावली. गाडी फसली असती, तर नुसता पैसा बुडाला नसता, ते नावही बुडाले असते.

शनिवार, १६ एप्रिल

कामाला सुरुवात ३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवजवळ झाली. मुख्य इंजिनिअर होते जेम्स बर्कली. हा तिशीतला माणूस रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली तयार झालेला होता. रूळ साडेपाच फूट रुंदीचे ठरले. तेच माप आपल्या ब्रॉडगेजला आजही आहे. १८५२ च्या नोव्हेंबरात संचालकांनी बोरीबंदर ते ठाणे असा चाचणीचा प्रवास करून पाहिला.

आणि मग तो दिवस उजाडला. १६ एप्रिल १८५३, शनिवार. शहराला सुट्टी होती. दुपारी साडेतीनच्या सुमारास एकवीस तोफांची सलामी झाली आणि चौदा डबे व चारशे पाहुणे घेऊन गाडी बोरीबंदरहून हलली. पुढे तीन इंजिने होती: साहिब, सिंध आणि सुलतान. रुळांच्या दुतर्फा, गच्च्यांवर, झाडांवर माणसांचा नुसता महापूर! चौतीस किलोमीटरचे अंतर सव्वा तासात तोडून गाडी ठाण्याला पोचली. गंमत अशी, की गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड स्वतः या समारंभाला हजर नव्हते, ते आदल्या दिवशीच थंड हवेच्या ठिकाणी निघून गेले होते. पाहुण्यांत नाना मात्र होते. तेव्हा ते पन्नाशीचे होते.

तेव्हाच्या शहाण्यांना एक मोठी शंका होती. नाना जातींची माणसे एका डब्यात खांद्याला खांदा लावून बसतील का? लोकांनी या शंकेला तिकिटाच्या खिडकीवरच उत्तर दिले. तिसऱ्या वर्गाचे डबे भरभरून वाहू लागले. विटाळाची भिंत गाडीने पाडली असे नाही, पण डबा सुटेपर्यंत तरी तिला फलाटावर थांबावे लागले. लोकांचे कुतूहल इतके वाढले, की १८५८ मध्ये गोविंद नारायण माडगावकरांनी लोखंडी रस्त्यांचे संक्षिप्त वर्णन या नावाचे मराठी पुस्तकच लिहिले.

घाटाची परीक्षा

ठाण्याची खाडी ओलांडून गाडी १८५४ मध्ये कल्याणला गेली, १८५६ मध्ये खोपोलीला पोचली. वर खंडाळा ते पुणे हा मार्गही १८५८ मध्ये सुरू झाला. मधे राहिला तो बोरघाट. पाच वर्षे मुंबई-पुणे प्रवास असा चाले: खोपोलीला उतरायचे, ऐपतीप्रमाणे पालखी, तट्टू किंवा पायी घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचे. पुण्याची एखादी माहेरवाशीण मूल काखेला घेऊन हा घाट चढत असेल, याची नुसती कल्पना करावी!

सुमारे पंचवीस किलोमीटरच्या या चढात रुळांना १,८०० फुटांहून अधिक उंची गाठायची होती. पंचवीस बोगदे आणि आठ मोठे पूल बांधावे लागले. काही ठिकाणी चढ सदतिसास एक असा, म्हणजे सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर. एका जागी तर वळायलाही वाव नव्हता. तिथे बर्कलीने नामी युक्ती काढली. गाडी डोंगराच्या सोंडेवर नेऊन थांबवायची, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि उलट दिशेने पुढचा चढ चढायचा. १९२९ मध्ये मार्ग बदलेपर्यंत घाटातल्या गाड्या अशाच तोंड फिरवून जात. उतरताना ब्रेक निकामी झाला तर गाडी वळवून घ्यायला चढाचे वेगळे रूळ ठेवले होते. तशी सोय घाटात आजही आहे. मागून धक्का देणारी जादा इंजिनेही कर्जतला पुष्कळ गाड्यांना अजून लागतात. बटाटेवडा घेण्यापुरता तो थांबा आपल्याला ठाऊक असतो, त्यामागे हा चढ आहे.

या घाटाने माणसे किती खाल्ली! ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर कामावर होते. कड्याला दोराने लोंबकळत सुरुंगाची भोके पाडायची, पावसात झोपड्यांत राहायचे. पटकीने आणि तापाने मजूर हजारोंनी गेले. मजुरीच्या पैशांवरून १८५९ मध्ये दंगा झाला आणि पहिल्या कंत्राटदाराने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने नवऱ्याचे कंत्राट न सोडता घाट पुरा करून दाखवला. खुद्द बर्कली खंगून मायदेशी परतला आणि १८६२ च्या ऑगस्टमध्ये गेला. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाट खुला झाला, तेव्हा तो बांधणारा पाहायला नव्हता.

हिशेबाची दुसरी बाजू

रेल्वे ही कोणी धर्मादाय म्हणून आणली नव्हती. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता, सरकारला फौज हलवायची होती. कंपनीच्या भागधारकांना सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. जमीन फुकट होती, आणि नफा कमी पडला तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायची. म्हणजे लंडनचा भागधारक निर्धास्त आणि तूट इथल्या रयतेच्या माथी. पुढे दादाभाई नौरोजींनी देशातून वाहून जाणाऱ्या संपत्तीचा जो हिशेब मांडला, त्यात या व्याजाचाही वाटा होता. १८७६-७८ च्या दुष्काळात याच रुळांवरून धान्य आले खरे, पण ज्याच्या गाठी पैसा नव्हता तो धान्याच्या वाघिणीशेजारी उपाशीच राहिला.

नानांना हे दिसत नव्हते काय? त्यांच्या चरित्रातली एक तारीख इथे लक्षात घ्यावी. ठाण्याची चाचणी व्हायच्या तीन महिने आधी, २६ ऑगस्ट १८५२ रोजी, मुंबईत बॉम्बे असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. या संस्थेच्या धुरिणांत नाना होते, तरुण दादाभाईही होते. राज्यकारभारात हिंदी माणसांना स्थान मिळावे, असा अर्ज या संस्थेने थेट पार्लमेंटकडे धाडला. साहेबाचे यंत्र घ्यायचे, पण साहेबाला जाबही विचारायचा, असे हे धोरण होते. त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली. १८५७ च्या धामधुमीत बंडवाल्यांशी संधान असल्याचा संशय सरकारने त्यांच्यावर घेतला, पुरावा काही सापडला नाही. १८६२ मध्ये त्याच सरकारने त्यांना मुंबईच्या कायदे कौन्सिलात नेमले!

१ जानेवारी १८६५ रोजी थळघाट चढून गाडी इगतपुरीला पोचली. क्लार्कच्या कल्पनेतले दोन्ही घाट आता पुरे झाले होते. त्याच वर्षी अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि जुलैत मुंबईच्या बड्या पेढ्या पत्त्यांच्या बंगल्यासारख्या ढासळल्या. त्या पडझडीतच, ३१ जुलै १८६५ रोजी नानांनी डोळे मिटले. पुढे गाडी १८६७ मध्ये नागपूरला, १८७० मध्ये जबलपूरला आणि १८७१ मध्ये रायचूरला पोचली. ते पाहायला नाना नव्हते.

मुरबाडचा फलाट

आज नानांची आठवण कुठे आहे? मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्या मुलाला त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती मिळे, ती जुन्या पिढीच्या लक्षात आहे. एशियाटिक सोसायटीच्या दालनात त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनस असे नाव मिळालेल्या, आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दर्शनी भिंतीवर जी.आय.पी.च्या कर्त्या पुरुषांचे चेहरे कोरले आहेत, त्यांत जमशेटजींबरोबर नानाही आहेत. खालून रोज लाखो माणसे धावतात. मान वर करायला वेळ कोणाला? मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबई सेंट्रलला नानांचे नाव देण्याचा प्रस्ताव मंजूर केला. गंमत एवढीच, की १९३० मध्ये उभे राहिलेले ते स्टेशन नानांच्या जी.आय.पी.चे नव्हते, ते बी.बी.सी.आय. या दुसऱ्या कंपनीचे! असो. नाव दिले तर आनंदच आहे.

पण नानांचा खरा सन्मान करायचा असेल, तर नकाशावर आणखी एका जागी बोट ठेवावे लागेल. कल्याणहून बदलापूरकडे रूळ जातात, टिटवाळ्याकडे जातात. या दोन्हींच्या मधे मुरबाड आहे. तिथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या रेल्वे मागत आहेत. कल्याण-मुरबाड मार्गाच्या घोषणा झाल्या, मंजुऱ्या आल्या, पण गाडी अजून गेलेली नाही. मुरबाडला जायचे तर आजही कल्याणला उतरून एसटी धरावी लागते. देशाला आगगाडी दाखवणाऱ्या माणसाच्या जन्मगावाला फलाट नाही! ज्या दिवशी तिथे पहिली लोकल शिट्टी देईल, त्या दिवशी नानांचे ऋण थोडेफार फिटले असे म्हणता येईल. तोवर पुढच्या वेळी गाडीत खिडकीची जागा मिळाली, तर बोरीबंदर सुटताना शेजारी बसलेल्या नातवंडाला एवढे तरी सांगावे, की ही गाडी नानांची आहे.