साइडकार, सहारा आणि पाना: थेरेसा वॉलाकची गोष्ट

'शोले'मधली जय-वीरूची बाइक आठवते ना? बाजूला डबा लावलेली. त्या डब्याला साइडकार म्हणतात. आपल्याला ती दोस्तीची खूण म्हणून माहीत आहे. गाण्यात मस्त दिसते, पण चालवायला कशी असते हे कुणी सांगत नाही. आज जिच्याबद्दल लिहितेय तिने असली बाइक लंडनहून केपटाऊनला नेली. म्हणजे अख्खी आफ्रिका वरून खाली, मध्ये सहारा वाळवंट. साल १९३४. मोबाइल, जीपीएस, गुगल मॅप सोडा, तिच्याकडे होकायंत्रसुद्धा नव्हतं.

नाव थेरेसा वॉलाक. आपल्या पणजीच्या वयाची बाई, त्यामुळे खरं तर अहो-जाहो करायला हवं. पण निघाली तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती, इंजिनिअरिंग शिकलेली होती आणि तिला घरी बसायचं नव्हतं. मला ती मैत्रीणच वाटते, म्हणून एकेरीवर लिहिते.

तिचा जन्म ३० एप्रिल १९०९चा. लंडनच्या नॉर्थॅम्प्टन पॉलिटेक्निकमध्ये, म्हणजे पुढे सिटी युनिव्हर्सिटी झालेल्या संस्थेत, ती इंजिनिअरिंग शिकली. तो काळ डोळ्यासमोर आणा. ब्रिटनमध्ये सगळ्या बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मतदानाचा हक्क मिळाला तोच १९२८मध्ये. अशा वेळी वर्कशॉपमध्ये हात काळे करणारी मुलगी म्हणजे वर्गात एकटीच असणार हे सांगायला नको. (माझ्या बॅचमध्येही पहिल्या वर्षी लेथवर मुलींची पाळी आली की कुणीतरी 'राहू दे, मी करतो' म्हणत पुढे यायचंच. आणि हे पुण्यात, दहा वर्षांपूर्वी.)

कॉलेजबाहेर थेरेसाचं विश्व म्हणजे मोटरसायकल ट्रायल आणि रेस. तिथेच तिला फ्लॉरेन्स ब्लेंकिरन भेटली. सगळे तिला ब्लेंक म्हणायचे. लंडनजवळ ब्रुकलँड्स नावाचा काँक्रीटचा रेस ट्रॅक होता, त्याची वळणं विहिरीच्या काठासारखी तिरकी उचललेली. तिथे रेसमध्ये ताशी १०० मैलांच्या, म्हणजे साधारण १६० किलोमीटरच्या वेगाने एक लॅप पूर्ण केली की 'गोल्ड स्टार' नावाचा छोटा बिल्ला मिळायचा. १९३४मध्ये तो मिळवणारी ब्लेंक ही पहिली बाई. हे नाव ओळखीचं वाटलं असेल, तर बरोबर आहे. बीएसए कंपनीने पुढे आपल्या बाइकला 'गोल्ड स्टार' नाव दिलं ते या बिल्ल्यावरूनच, आणि २०२४मध्ये त्याच नावाची ६५० सीसीची बाइक भारतात विकायला आली. शोरूममध्ये दिसली तर आता तुम्हाला गोष्ट माहीत आहे.

तर या दोघींनी ठरवलं, लंडन ते केपटाऊन बाइकने जायचं. बाइकवरून तोपर्यंत कुणी उत्तरेकडून दक्षिणेकडे अशी आफ्रिका ओलांडली नव्हती.

बाइक कोणती?

बाइक होती पँथर रेडविंग, सुमारे ६०० सीसी, एकच सिलिंडर. यॉर्कशायरमधल्या क्लेकहीटन गावातली फेलन अँड मूर कंपनी ती बनवायची. या बाइकची एक गंमत आहे. साध्या बाइकला हँडलच्या खालून इंजिनापर्यंत उतरणारा फ्रेमचा एक पाइप असतो. पँथरला तो नाहीच. तिथे इंजिनच तिरकं बसवलंय, आणि तेच फ्रेमचा भाग म्हणून भार पेलतं. आज महागड्या बाइकच्या जाहिरातीत 'स्ट्रेस्ड मेंबर इंजिन' म्हणून मिरवतात, ती कल्पना ही कंपनी तेव्हाच वापरत होती.

एवढं मोठं एक सिलिंडर म्हणजे टॉप स्पीड कमी, पण कमी आरपीएमवर ओढायची ताकद भरपूर. आपल्याकडे जुन्या बुलेटबद्दल लोक जे बोलतात तेच. ब्रिटनमध्ये पँथर साइडकार लावण्यासाठीच ओळखली जायची. तेव्हा ज्यांना मोटार परवडत नव्हती त्या कुटुंबांची मोटार म्हणजे साइडकार. नवरा हँडलवर, बायको डब्यात, पोर तिच्या मांडीवर.

या दोघींना साइडकार हवी होती ती सामानासाठी. दोन माणसं, तंबू, पाणी, जास्तीचं पेट्रोल, टायर-ट्यूब, हत्यारं, सुटे भाग. एवढं दोन चाकांवर बसणं शक्यच नाही. साइडकारमध्येही बसेना, म्हणून मागे एक ट्रेलर जोडला. इंजिन एक, चालवणारं चाक एक, आणि मागे ही सगळी वरात.

साइडकार चालवणं वेगळं का असतं?

इथे थोडं थांबूया, कारण हे कळल्याशिवाय त्या प्रवासाची खरी किंमत कळत नाही.

पहिली गोष्ट, साइडकार लावली की बाइक झुकत नाही. आपण बाइक वळवतो म्हणजे खरं तर झुकवतो. इथे ते बंद. हँडल ताकद लावून फिरवावं लागतं, ट्रॅक्टरसारखं. चांगला बाइकवाला पहिल्यांदा साइडकारवर बसला की हमखास रस्त्याबाहेर जातो, कारण त्याच्या अंगातली सवयच चुकीचं सांगते.

दुसरी गोष्ट, गाडी सरळ जातच नाही. अशी बैलजोडी डोळ्यासमोर आणा, ज्यात उजवा बैल ओढतोय आणि डावा नुसता बरोबर चालतोय. गाडी डावीकडे जाणार. इथे तसंच आहे. साइडकार डावीकडे असेल तर ॲक्सिलरेटर पिळला की बाइक पुढे पळते, डबा मागे रेंगाळतो आणि सगळं डावीकडे ओढलं जातं. ब्रेक मारला की उलटं. बाइक थांबते, डब्याला मात्र पुढे जायचं असतं, म्हणून सगळं उजवीकडे फिरतं. म्हणजे सरळ रस्त्यावरसुद्धा प्रत्येक वेळी वेग बदलला की हँडलवर हातांनी हिशेब करत राहायचं. दिवसभर.

तिसरी गोष्ट वळणांची. डबा ज्या बाजूला आहे त्या बाजूला जोरात वळलात तर डब्याचं चाक हवेत उचललं जातं. रिकामा डबा असेल तर फार पटकन. म्हणून रिकाम्या साइडकारमध्ये लोक वाळूची पोती ठेवतात. विरुद्ध बाजूला वळताना सगळा भार डब्याकडे जातो आणि बाइकचं मागचं चाक हलकं होतं.

हे सगळं थोडंफार आवरता येतं, पण ते गॅरेजमध्ये, निघायच्या आधी. डब्याचं चाक किंचित आत, बाइककडे वळवून बसवायचं. बाइक स्वतः किंचित बाहेरच्या बाजूला कलती ठेवायची. डब्याचं चाक मागच्या चाकाच्या रेषेच्या थोडं पुढे ठेवायचं. मापं बोटभराचीच, पण चुकली तर टायर भराभर झिजतात आणि चालवणाऱ्याचे खांदे भरून येतात. मागचं स्प्रॉकेट मोठं लावायचं, म्हणजे वेग कमी होतो पण ओढ वाढते.

आता यात कच्चा रस्ता मिळवा. मोटारी आणि ट्रक गेलेल्या वाटेवर दोन चाकोऱ्या पडतात. बाइकला एक चाकोरी पुरते. मोटारीची चाकं दोन्हीत बसतात. साइडकारचं काय? बाइक एका चाकोरीत, आणि डब्याचं चाक मधल्या उंचवट्यावर किंवा कडेच्या झुडपात, कारण रुंदी जुळत नाही. गाडी कायम तिरकी. मागे ट्रेलर, तो तिसऱ्याच वाटेने जाऊ बघणार.

सहारा

११ डिसेंबर १९३४ला दोघी लंडनहून निघाल्या. फ्रान्स ओलांडून भूमध्य समुद्र बोटीने पार केला आणि अल्जीयर्सला उतरल्या. तिथून दक्षिणेला, तामनरासेत, मग आजच्या नायजरमधलं अगादेझ. या वाटेवर फ्रेंच लष्कराची ठाणी होती आणि अधूनमधून ट्रक जायचे. डांबर नव्हतं. आधी गेलेल्या गाडीची चाकोरी हाच नकाशा, आणि वारा सुटला की नकाशा पुसला जायचा.

मऊ वाळूत साइडकार म्हणजे शिक्षाच. इंजिनाची ताकद फक्त एका चाकाला मिळते. बाकीची चाकं, डब्याचं आणि ट्रेलरची, नुसती वाळू नांगरत येतात. गाडी रुतते. मग उतरा, वाळू उपसा, ट्रेलर सोडवा, ढकला, पुन्हा जोडा. पुढे काही अंतरावर पुन्हा तेच.

आणि हे सगळं इंजिनाला सोसत नाही. पँथरचं इंजिन हवेवर थंड होणारं. त्याला वाहती हवा लागते. वाळूत गाडी चालते पहिल्या गिअरमध्ये, म्हणजे इंजिन जिवाच्या आकांताने फिरतंय आणि समोरून हवा येतेय चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. वर ऊन. त्यात बारीक धूळ, जी तेलात मिसळली की बेअरिंगला कानसीसारखी घासते. ट्रॅफिकमध्ये बाइक गरम होते म्हणून आपण कुरकुरतो, त्याला शंभराने गुणा.

अगादेझ थोडंच पुढे असताना पँथरच्या इंजिनाने मान टाकली. कंपनी हजारो किलोमीटरवर, सर्व्हिस सेंटर नाही, फोन नाही. दोघींनी ते पूर्ण खोललं आणि पुन्हा उभं केलं.

या प्रवासाबद्दल जिथे जिथे लिहिलेलं सापडतं, तिथे 'धाडसी तरुणी' हे शब्द असतातच. धाडस होतंच. पण धाडसाने कनेक्टिंग रॉड बसत नाही. कुठला बोल्ट किती आवळायचा, पिस्टन सिलिंडरमध्ये परत कसा घालायचा, व्हॉल्व्हचं टायमिंग कसं जुळवायचं, हे हातांना माहीत असावं लागतं. थेरेसा जिथून पुढे जाऊ शकली तिथे केवळ धाडसी माणूस अडकला असता. मी दोन वर्षांपूर्वी कोकणात क्लच केबल तुटून रस्त्याकडेला तीन तास बसले होते. डिग्री आहे, धाडसही बरं आहे, पण केबल बदलायला शेवटी गावातला मिस्त्रीच आला.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. तेव्हाची जवळपास सगळी आफ्रिका फ्रेंच, ब्रिटिश, बेल्जियन राजवटीखाली होती. युरोपियन पासपोर्ट असलेल्यांना एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर जाता येत होतं. ज्यांचा तो मुलूख होता त्यांना अशी मोकळीक नव्हती. त्यामुळे दोघींची मेहनत कमी ठरत नाही, पण चित्र पूर्ण होतं.

पुढचा रस्ता नायजेरियातून काँगोचं जंगल, मग युगांडा, केनिया, टांझानिया असा दक्षिणेकडे. वाळू संपली तर चिखल सुरू. २९ जुलै १९३५ला दोघी केपटाऊनला पोहोचल्या. साडेसात महिने लागले. बाइक तीच.

नंतर काय झालं?

इंग्लंडला परतल्यावर थेरेसा रेसिंगमध्येच राहिली. १९३९मध्ये ब्रुकलँड्सवर फक्त ३५० सीसीच्या नॉर्टनवर तिने ताशी १०० मैलांच्या वर लॅप मारून गोल्ड स्टार मिळवला. ब्लेंकला मिळालेला ५ वर्षांत हिलाही मिळाला. ब्रुकलँड्सवर तो मिळवणाऱ्या बायका एकूण तीनच. तिसरी बिअॅट्रिस शिलिंग, तीही इंजिनिअर. पुढे महायुद्धात ब्रिटिश लढाऊ विमानांचं इंजिन सूर मारताना बंद पडायचं, त्यावर एका छोट्या चकतीने तोडगा काढणारी तीच. त्याच वर्षी युद्ध सुरू झालं आणि ब्रुकलँड्स रेससाठी पुन्हा कधीच उघडला नाही.

युद्धात थेरेसा ब्रिटिश सैन्याच्या महिला विभागात होती. तिथे ती मेकॅनिक होती, आणि बाइकवरून लष्करी निरोप पोचवणारी डिस्पॅच रायडरही. युद्ध संपल्यावर नॉर्टन घेऊन अमेरिकेला गेली. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको मिळून अडीच वर्षांत ३२,००० मैल, म्हणजे ५१,००० किलोमीटरच्या वर. या वेळी साइडकार नव्हती. पैसे संपले की मिळेल ते काम करायचं आणि पुढे निघायचं.

१९५२मध्ये ती अमेरिकेतच स्थायिक झाली. शिकागोमध्ये तिने मोटरसायकलचं दुकान काढलं. दुकानात येणाऱ्यांना बाइक घ्यायची असायची, पण नीट चालवायला कुणी शिकवलेलं नसायचं. म्हणून ती शिकवू लागली. हळूहळू शिकवणं हेच मुख्य काम झालं. १९७०मध्ये तिचं बाइक चालवायला शिकवणारं पुस्तक आलं. १९७३मध्ये ती अॅरिझोनातल्या फिनिक्सला गेली आणि तिथे रायडिंग स्कूल काढलं. बाइक चालवणाऱ्या बायकांची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, तिची पहिली उपाध्यक्षही थेरेसाच.

तिने आयुष्यात स्वतःची मोटारगाडी कधीच घेतली नाही. ८८व्या वर्षापर्यंत बाइक चालवली. मग नजर कमी झाली आणि लायसन्स सोडावं लागलं. ३० एप्रिल १९९९ला, नव्वदाव्या वाढदिवशी, ती गेली. सहाराच्या प्रवासावरचं तिचं पुस्तक 'द रगेड रोड' त्यानंतर दोन वर्षांनी छापून आलं.