पंडिता रमाबाईंच्या केडगावात ‘कृपा सदन’ का उभे राहिले?

बारामती आणि इंदापूरला लागून असलेल्या दौंड तालुक्यात, पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव आहे. पंडिता रमाबाईंचे ‘मुक्ती मिशन’ याच गावातले. विधवा आणि दुष्काळग्रस्त मुलींचा आश्रम म्हणून ते अनेकांना माहीत असते. मात्र याच आवारात ‘कृपा सदन’ नावाचा वेगळा विभागही होता. फसवल्या गेलेल्या आणि समाजाने ‘पतित’ ठरवून दाराबाहेर काढलेल्या स्त्रियांसाठी तो होता. त्यामागे ख्रिस्ती धर्मातील क्षमेची कल्पना होती.

रमाबाई कोण होत्या?

जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले. रमाबाई आईकडून शिकल्या. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली. भाऊ श्रीनिवाससोबत पायी फिरत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. तिथे त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. पुढे भाऊ गेला आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पतीही गेले. १८८२ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यात आल्या.

क्षमेचा विचार कुठे भेटला?

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. लंडनजवळच्या फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनी चालवत असलेले एक काम त्यांनी पाहिले. ज्या स्त्रियांना कुणी उंबऱ्याशीही उभे करत नसे, त्यांची तिथे मायेने काळजी घेतली जात होती. हे कशामुळे, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना बायबलमधील शोमरोनी स्त्रीची कथा मिळाली. यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. त्यात या स्त्रीचे आयुष्यही लोकांच्या दृष्टीने बदनाम. तरीही येशूने विहिरीवर तिच्याकडेच पाणी मागितले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

क्षमा आणि समेट यांत फरक काय?

ख्रिस्ती श्रद्धेनुसार क्षमा पुण्य साठवून मिळवता येत नाही. देव ती कृपेने देतो. माणूस आधी सुधारेल, मग त्याला जवळ करू, असा हा क्रम नाही; आधी जवळ करणे आणि बदल त्यानंतर. ‘कृपा सदन’ या नावाचा अर्थ तोच. समेट म्हणजे तुटलेले नाते पुन्हा जोडणे. क्षमा एकट्यानेही करता येते. समेटाला मात्र दोन्ही बाजू लागतात.

केडगावात काय घडले?

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली आणि स्त्रियांना आणले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर ही संख्या २ हजारांच्या आसपास गेली. राहायला जागा, जेवण आणि शिक्षणाबरोबर विणकाम, शेती, तेलघाणा आणि छापखान्याचे काम दिले जाई. कृपा सदनातील स्त्रियांनाही छप्पर आणि काम मिळाले. नुसते ‘माफ केले’ म्हटल्याने दाराबाहेर काढलेल्या बाईचे पोट भरत नाही, हे दुष्काळात घरची माणसे गमावलेल्या रमाबाईंना सांगावे लागत नव्हते.

पुण्याशी समेट झाला का?

पूर्णपणे नाही. १८८९ मध्ये मुंबईत सुरू झालेले ‘शारदा सदन’ पुढच्या वर्षी पुण्यात आले. कुणावरही धर्म लादायचा नाही, अशी भूमिका होती. मात्र रमाबाईंच्या स्वतःच्या प्रार्थनेला काही मुली येऊन बसू लागल्या. आपल्या मुली धर्मांतर करतील, ही पालकांची भीती होती. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांना विश्वासघात वाटला, तर आपली प्रार्थना दार लावून का करायची, हा रमाबाईंचा प्रश्न होता. दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम राहिल्या.

अखेरची अनेक वर्षे रमाबाई केडगावात बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली. भाषांतर हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. भारत सरकारने १९८९ मध्ये त्यांचे टपाल तिकीट काढले. पुण्याशी झालेला वाद त्यांच्या हयातीत मिटला नाही. मात्र तो मिटण्याची वाट पाहत त्यांनी केडगावचे दार बंद ठेवले नाही.