कॅमेरा घडवणारे पेंटर

आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. पण तो आतून कसा चालतो असं कुणी विचारलं, तर आपल्यापैकी निम्मे जण गप्प बसतील. शंभर वर्षांपूर्वी कोल्हापुरात दोन भावांना हाच प्रश्न पडला, आणि ते गप्प बसले नाहीत. त्यातले एक म्हणजे कलामहर्षी बाबूराव पेंटर.

बाबूराव कृष्णराव मिस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणं कारागिरांचं. चित्रकला आणि शिल्पकला ते स्वतःच शिकले. नात्याने भाऊ असलेले आनंदराव यांच्यासोबत ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत. या पडद्यांची इतकी कीर्ती झाली की मिस्त्री आडनाव मागे पडलं आणि दोघेही पेंटर झाले.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या दोघांना सिनेमाचं वेड लागलं. फाळक्यांनी कॅमेरा लंडनहून आणला होता. कोल्हापूरच्या दोन पेंटरना ते कुठून परवडणार? त्यांनी आधी सिनेमे दाखवायचा व्यवसाय केला. त्यामुळे प्रोजेक्टर रोज हाताखाली आला. मशीन दाखवायचं असलं तरी फिल्म सरकवण्याचं तत्त्व कॅमेऱ्यासारखंच. मग आपला कॅमेरा आपणच बनवायचा, असं त्यांनी ठरवलं.

हे काम किती अवघड होतं ते थोडं समजून घेऊ. आमच्या पिंपरी पेंढारकडे जुन्या लग्नांचे चौकोनी ब्लॅक अँड व्हाईट फोटो अजून भिंतींवर दिसतात. ते बहुधा १२० रोलच्या कॅमेऱ्याचे. त्यात सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो निघतात. एक फोटो काढा, रोल फिरवा, पुन्हा काढा. घाई नाही. मूकपटाच्या कॅमेऱ्याला हेच काम सेकंदाला साधारण सोळा वेळा करावं लागे, तेही हाताने हँडल फिरवून! फिल्मच्या कडेच्या छिद्रात नखासारखा तुकडा अडकतो, फिल्म एक फ्रेम खाली ओढतो आणि सुटतो. फिल्म सरकत असताना शटर बंद हवं आणि थांबली की उघडं. गिअरचं टायमिंग जरा चुकलं की चित्र पुसट झालंच म्हणून समजा.

काम अर्धवट असतानाच १९१६ मध्ये आनंदराव वारले. दुसरा कुणी असता तर पुन्हा पडदे रंगवायला लागला असता. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना सोबत घेतलं आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालू करून दाखवला.

भांडवलासाठी गायिका तानीबाई कागलकर पुढे आल्या आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. पुढे 'सिंहगड' (१९२३) मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशात शूटिंग केलं. सिनेमाची पोस्टर्स ते स्वतः रंगवायचे. १९२५ च्या 'सावकारी पाश' मध्ये तर देव आणि राजे बाजूला ठेवून त्यांनी कर्जात बुडालेला शेतकरी दाखवला. त्यात काम केलेला तरुण म्हणजे व्ही. शांताराम.

पण सगळं छान छानच झालं असं नाही. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर बाहेर पडले आणि त्यांनी 'प्रभात' काढली. बाबूरावांची कंपनी त्यानंतर फार टिकली नाही. बोलपटाच्या काळात त्यांनी मोजकेच चित्रपट केले. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचं निधन झालं. त्यांचे बहुतेक मूकपट आज उरलेले नाहीत. मात्र त्यांनी तयार केलेल्या माणसांनी पुढे 'संत तुकाराम' सारखे चित्रपट दिले. म्हणजे बाबूरावांनी नुसता कॅमेरा नाही, माणसंही घडवली.

आपल्याकडे लेथ आहे, लॅब आहे, लायब्ररी आहे, शिकवायला सर आहेत. त्यांच्याकडे यातलं फारसं काही नव्हतं. होती ती फक्त मशीन खोलून बघायची हिंमत. घरात एखादा जुना बंद कॅमेरा पडला असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. स्क्रूड्रायव्हर घ्या आणि उघडून बघा. आतलं नीट समजेपर्यंत उठू नका. या पेंटरना आपल्यासारख्या होऊ घातलेल्या इंजिनिअर्सचा खरा सलाम हाच!