दादासाहेब फाळके: नाव एकाचं, हात अनेकांचे

मंडळी, दादासाहेब फाळके हे नाव आपल्या कानावर पडतं ते पुरस्कारामुळे. १९६९ साली सुरू झालेला हा पुरस्कार भारतीय चित्रपटसृष्टीतला सर्वोच्च मानतात. पण त्या नावामागचा माणूस आपल्या इथल्या मुलांना कितपत ठाऊक आहे?

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. मुंबईचं जे. जे., मग बडोद्याचं कलाभवन, पुढे फोटोग्राफी आणि छपाई. छापखाना चांगला चालला होता, पण भागीदाराशी पटेना, म्हणून बाहेर पडले. चाळिशीत येशू ख्रिस्तावरचा मूकपट पाहिला आणि आपले राम-कृष्ण पडद्यावर आणायचेच, असं डोक्यात बसलं. १९१२ मध्ये विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडन गाठलं, तंत्र शिकले, कॅमेरा घेऊन आले.

३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. तारामतीचं काम करायला बाई मिळेना, तेव्हा अण्णा साळुंके उभे राहिले. कॅमेरा चालवला दादासाहेबांनीच शिकवलेल्या त्र्यंबक तेलंगांनी. आणि सरस्वतीबाई? त्यांनी दागिने दिले, साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक रांधला आणि रात्री जागून फिल्मला भोकंही पाडली!

पहिलेपणाचा वाद आजही निघतो. दादासाहेब तोरण्यांचा 'पुंडलिक' त्याच थिएटरात वर्षभर आधी, १८ मे १९१२ ला लागला होता. पण ते नाटकाचं चित्रण होतं आणि कॅमेऱ्यामागे इंग्रज माणूस होता, म्हणून बहुतेक जण मान फाळक्यांना देतात. तोरण्यांचं धाडस मात्र विसरून चालणार नाही.

पुढे हिंदुस्तान फिल्म कंपनीत पैसा भागीदारांचा आणि कल्पना दादासाहेबांची. खर्च कोणी ठरवायचा, काम कसं करायचं, यावरून खटके उडाले. स्वतःच उभं केलेलं काम सोडून ते काशीला गेले, तिथे 'रंगभूमी' नाटक लिहिलं. काही काळाने परतले, पण पहिले दिवस परत आले नाहीत. १९३७ च्या 'गंगावतरण' बोलपटानंतर ते पडद्यापासून दूरच राहिले. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकला त्यांचं निधन झालं, तेव्हा ना पैसा होता ना फारशी विचारपूस.

परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) या दिवाळीत मुलांबरोबर जरूर बघा. आणि हो, दादासाहेबांबरोबर सरस्वतीबाईंचंही नाव त्यांना सांगा.