भास्कराचार्य

बीडहून दक्षिणेकडे जाणारी वाट बालाघाटाची चढण चढून मांजरसुंब्यास येते. घाटमाथ्यावरून मागे पाहिले, तर खालचा मुलूख दृष्टी पोहोचेल तेथवर सपाट भासतो. गोल असलेली पृथ्वी अशी सपाट का दिसावी? या शंकेचे उत्तर भास्कराचार्यांनी पावणेनऊशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. परिघाचा शंभरावा भाग सरळ रेषेसारखाच दिसतो. आणि एवढ्या अफाट पृथ्वीपुढे माणूस तर अगदीच लहान!

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. सह्याद्रीच्या आश्रयास असलेले विज्जलविड हे त्यांचे गाव. ते गाव म्हणजे आजचे बीड, असे काही विद्वान मानतात. काही ते खानदेशात शोधतात. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ रचला.

पृथ्वी शेषाच्या मस्तकावर टेकली आहे, असे त्या काळी लोक मानीत. भास्कराचार्यांनी विचारले, मग शेषाला आधार कोणाचा? त्या आधारालाही दुसरा आधार हवा, त्याला तिसरा. ही माळ संपावयाची कोठे? शेवटी एखादी वस्तू स्वतःच्याच शक्तीने राहते असे मानावेच लागणार, तर ती शक्ती पृथ्वीच्याच ठायी का मानू नये? पृथ्वी जड वस्तूंना आपल्याकडे ओढते, आणि त्या पडल्या असे आपण म्हणतो. चोहोकडे सारखेच आकाश असता खुद्द पृथ्वीने पडावे तरी कोणीकडे?

प्रकाशाविषयीही त्यांनी असाच घरातला दाखला दिला. उन्हात ठेवलेल्या घटाची सूर्याकडील बाजू उजळते, दुसरी स्वतःच्याच छायेने काळी राहते. चंद्राचेही तसेच.

न्यूटनचा सिद्धान्त भास्कराचार्यांनी आधीच सांगितला, असे कोणी अभिमानाने म्हणतात. ते यथार्थ नव्हे. पृथ्वीच्या आकर्षणाचा विचार त्यांच्यापूर्वी ब्रह्मगुप्तानेही मांडला होता. ही ओढ अंतराबरोबर कोणत्या प्रमाणात घटते, याचे गणित मात्र न्यूटनने १६८७ मध्ये सिद्ध केले. पृथ्वी स्थिर आहे, ही भास्कराचार्यांची समजूतही पुढे टिकली नाही. परंतु शेषाला आधार कोणाचा, हे विचारण्यास त्या काळी धैर्यच लागले असेल.

एकोणसत्तराव्या वर्षी त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. त्यांच्या ग्रंथांचे अध्यापन चालावे म्हणून नातू चांगदेव याने चाळीसगावाजवळ पाटण येथे मठ स्थापला. त्या मठास मिळालेले दान तेथील शके ११२८ च्या शिलालेखात नोंदले आहे. लेख संस्कृतात आहे. शेवटच्या ओळी मात्र मराठीत कोरल्या आहेत.