विल्लेम आइंटहोवेन : मिठाच्या पाण्याच्या भांड्यांपासून ईसीजीच्या जेलीपर्यंत

ईसीजी काढण्याआधी छातीला आणि मनगटांना थंडगार जेली लावतात. ही कशाला, आणि यातून करंट तर लागणार नाही ना, असे आमच्या चंद्रपूर-गडचिरोली भागातले रुग्ण नेहमी विचारतात. दोन्हींची उत्तरे विल्लेम आइंटहोवेन या डच डॉक्टरच्या आयुष्यात सापडतात.

त्यांचा जन्म २१ मे १८६० रोजी जावा बेटावरच्या सेमारंग येथे झाला. वडील तिथे डॉक्टर होते. विल्लेम लहान असतानाच ते वारले आणि आई सहा मुलांना घेऊन हॉलंडमधल्या उट्रेख्त शहरात आली. पुढे लष्करात सेवा देण्याच्या करारावर विल्लेम वैद्यकीय शिक्षण घेऊ लागले. व्यायामाची आणि तलवारबाजीची त्यांना भारी हौस. एकदा कसरत करताना मनगट मोडले, तर त्या निमित्ताने त्यांनी हाताच्या सांध्याच्या हालचालीचाच अभ्यास करून निबंध लिहिला. पंचविशीतच ते लायडन विद्यापीठात प्राध्यापक झाले.

१८८९ साली बाझल शहरातल्या परिषदेत त्यांनी ऑगस्टस वॉलर यांचे प्रात्यक्षिक पाहिले. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासोबत अगदी क्षीण वीज तयार होते आणि ती शरीराच्या बाहेरून मोजता येते, हे वॉलर यांनी दाखवले होते. (वॉलर यांचा जिमी नावाचा बुलडॉगही मिठाच्या पाण्यात पाय बुडवून अशी प्रात्यक्षिके देत असे.) पण त्या वेळचे पाऱ्याचे यंत्र फार मंद होते. आइंटहोवेन यांनी आधी गणिताने त्या आलेखातल्या चुका दुरुस्त केल्या आणि १८९५ मध्ये लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे दिली. आजही तुमच्या रिपोर्टवर तीच असतात.

मग त्यांनी नवे यंत्रच बनवले. केसाहून कितीतरी बारीक, चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्‌झचा धागा एका प्रचंड विद्युतचुंबकात ताणून बसवला. हृदयाची वीज धाग्यातून गेली की तो किंचित हलायचा आणि त्याची सावली फोटोच्या काचेवर उमटायची. या यंत्राचे वजन सुमारे २७० किलो होते आणि ते चालवायला पाच माणसे लागत. रुग्णाने दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचे.

भांडी का? शरीरात वीज वाहते ती क्षारांच्या कणांमधून, तर तारेतली वीज वेगळ्या प्रकारे वाहते. मध्ये कोरडी कातडी आडवी आली तर हृदयाचा संदेश, जो एका व्होल्टच्या साधारण हजाराव्या भागाएवढाच असतो, तारेपर्यंत नीट पोचत नाही. म्हणून दोघांना जोडणारे ओले आणि खारट असे काहीतरी हवे. करंट लागण्याचा तर प्रश्नच नाही. ईसीजी यंत्र शरीरातली वीज फक्त टिपते, बाहेरून वीज सोडत नाही.

मला या माणसाचे सर्वात मोठे काम वाटते ते १९०५ सालचे. यंत्र हलवणे अशक्य, रुग्णालय सुमारे दीड किलोमीटर दूर. त्यांनी टेलिफोनच्या तारेने रुग्णालयातल्या रुग्णाचा आलेख प्रयोगशाळेत उतरवला. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. अशा वेळी तिथला ईसीजी मोबाइलवरून दूरच्या डॉक्टरला दाखवणे ही त्याच कल्पनेची पुढची पायरी. मात्र छातीत दाब, दरदरून घाम किंवा हात-जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर १०८ ला फोन करून लगेच दवाखाना गाठा. मधुमेही माणसाला न दुखताही झटका येऊ शकतो. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी झटका नाही असे ठरत नाही, म्हणून डॉक्टर थोड्या वेळाने पुन्हा काढायला सांगतात.

१९२४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. जुना मदतनीस तोवर वारला होता, म्हणून त्यांनी त्याच्या गरीब बहिणींना शोधून बक्षिसाची अर्धी रक्कम दिली, असे सांगतात. २९ सप्टेंबर १९२७ रोजी ते वारले.

भांड्यांची जागा पुढे धातूच्या पट्ट्या आणि जेलीने घेतली. १९६० मध्ये प्रागच्या ओट्टो विख्टरले आणि द्राहोस्लाव लिम यांनी शरीराला चालणाऱ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जेलवरचे संशोधन प्रसिद्ध केले. अशा पदार्थांना हायड्रोजेल म्हणतात. आजच्या चिकटणाऱ्या ईसीजी पॅडमध्येही क्षार मिसळलेले जेलच असते. आमच्याकडच्या उन्हाळ्यात उघडे पाकीट लवकर सुकते आणि आलेख थरथरतो. घामाने किंवा अंगाला लावलेल्या तेलानेही पॅड निसटते, म्हणून तपासणीला येताना छातीला तेल लावू नका.

आता संशोधक या जेलमध्ये वीज वाहून नेणारे पदार्थ मिसळून असे पॅच बनवत आहेत, जे घाम किंवा जखमेतला बदल ओळखतील आणि अगदी थोडी वीज मिळताच साठवलेले औषध सोडतील. यातले बहुतेक काम अजून प्रयोगशाळेतच आहे. त्यामुळे साखर किंवा हृदयरोग बरा करणारा पॅच म्हणून कोणी काही विकत असेल, तर घेण्याआधी तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि चालू गोळ्या बंद करू नका.