ल्युराची आई

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील तर संपादक मंडळाला धरा, मला नको! इंजिनिअरिंगच्या मुलीने वकील बाईवर लेख का लिहावा, हेही मैत्रिणींनी विचारून झालंय. कारण घरातच आहे. माझी आई एका कॉलेजच्या ऑफिसमध्ये नोकरी करते. अ‍ॅडमिशनचे फॉर्म, स्कॉलरशिपच्या याद्या, रजेचे अर्ज, सर्व्हिस बुकं, सगळं तिच्या टेबलावर. दोन वर्षांपूर्वी, एक्केचाळिसाव्या वर्षी, तिने लॉला नाव घातलं. सकाळी सातला लेक्चर, साडेदहाला ऑफिस, संध्याकाळी आम्ही. माझ्या सबमिशनच्या आठवड्यातच तिची परीक्षा आली आणि मी बोलू नये ते बोलून गेले. बाकीच्यांच्या आया रात्री जागून कॉफी करून देतात, असं काहीतरी. ती गप्प राहिली. कुकर लावला आणि ओट्याशीच उभं राहून कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट वाचू लागली.

त्यानंतर काही दिवसांनी क्विझची तयारी करताना लायब्ररीत मला बेल्वा लॉकवूड भेटली. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात वकील म्हणून प्रवेश मिळवणारी पहिली स्त्री, एवढीच एक ओळ होती. मी पुढे वाचत गेले.

बेल्वाचा जन्म 1830 चा, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉयल्टन गावातल्या शेतकऱ्याच्या घरात. पंधराव्या वर्षाच्या आसपास ती शाळेत शिकवू लागली. पुरुष मास्तरांना मिळे त्याच्या निम्मा पगार तिच्या हातात पडे, आणि ही गोष्ट ती शेवटपर्यंत विसरली नाही. पुढे शिकायचं होतं, पण वडिलांचा विरोध. 1848 मध्ये उरिया मॅकनॉल याच्याशी लग्न झालं, 1849 मध्ये मुलगी झाली, तिचं नाव ल्युरा. उरियाला लाकडाच्या गिरणीत अपघात झाला, त्यातून तो सावरला नाही आणि 1853 मध्ये गेला. बेल्वा बावीस वर्षांची होती, म्हणजे आपल्या फायनल इयरच्या मुलींएवढी.

आता जे तिने केलं, ते मी आईला सांगितलं तेव्हा आईने एकच गोष्ट विचारली, की पोरगी कुणाकडे ठेवली. बरोबर तिथेच सगळी गोम आहे. बेल्वाने लहानग्या ल्युराला आपल्या आईवडिलांकडे ठेवलं आणि स्वतः शिकायला निघून गेली. जवळपास तीन वर्षं! आजूबाजूच्यांनी नावं ठेवली असणार यात मला शंका नाही. आजही ठेवतील. 1857 मध्ये जेनेसी कॉलेजातून ती पदवीधर झाली. तिथे असतानाच एका कायद्याच्या प्राध्यापकांच्या खाजगी वर्गात ती जाऊन बसली होती आणि कायद्याचं वेड तिथूनच डोक्यात शिरलं.

पण पोट आधी. लॉकपोर्टच्या शाळेत ती मुख्याध्यापिका झाली. ल्युरा परत जवळ आली. शिकवायचं, इतर शिक्षकांवर देखरेख करायची, शिवाय मुलींनी भाषण करावं आणि व्यायाम करावा म्हणून भांडायचं. पगार? पुन्हा पुरुषांपेक्षा कमीच. पुढची काही वर्षं वेगवेगळ्या गावांतल्या मुलींच्या शाळा चालवण्यात गेली.

1866 मध्ये ती ल्युराला घेऊन वॉशिंग्टनला आली. तिथे स्वतःची शाळा काढली. ल्युरा आता सोळा-सतरा वर्षांची, आईच्या हाताखाली काम करण्याएवढी मोठी. 1868 मध्ये बेल्वाने इझिकिएल लॉकवूड यांच्याशी दुसरं लग्न केलं. हे गृहस्थ दातांचे डॉक्टर, धर्मोपदेशकही, आणि वयाने खूप मोठे, पण बायकोच्या शिक्षणाआड कधी आले नाहीत. 1869 मध्ये जेसी जन्मली. त्याच वर्षी बेल्वाने कोलंबियन कॉलेजच्या लॉ स्कूलमध्ये प्रवेश मागितला. नकार आला. कारण काय, तर वर्गात बाई बसली तर तरुण विद्यार्थ्यांचं लक्ष विचलित होईल! (आमच्या मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही चार मुली आहोत. मुलांचं लक्ष आमच्या येण्याआधीपासूनच विचलित आहे.)

जेसी दोन वर्षांचीही झाली नव्हती, तेव्हा गेली. हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं, कारण त्यापुढे काय लिहावं कळेना. पुस्तकं यावर फार थांबत नाहीत. पुढच्या पानावर 1871 येतं आणि बेल्वा नॅशनल युनिव्हर्सिटीच्या लॉ स्कूलमध्ये दाखल झालेली असते. वय चाळीस.

तिच्याबरोबर सुमारे पंधरा बायका होत्या. शेवटपर्यंत टिकल्या दोनच, बेल्वा आणि लिडिया हॉल. अभ्यासक्रम पूर्ण झाला, पण पदवीदानाला बायकांबरोबर स्टेजवर उभं राहायला मुलांनी विरोध केला आणि डिप्लोमा दोघींना मिळालाच नाही. सर्टिफिकेटसाठी ऑफिसला चकरा मारणं म्हणजे काय हे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहे. बेल्वाने चकरा मारणं सोडून सप्टेंबर 1873 मध्ये सरळ अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांना पत्र लिहिलं, कारण पदसिद्ध म्हणून तेच त्या विद्यापीठाचेही अध्यक्ष होते. पत्राची भाषा अगदी रोखठोक होती म्हणतात. त्याच महिन्यात डिप्लोमा हातात आला आणि ती वकील झाली. तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती.

वकील झाली तरी दारं बंदच. विवाहित स्त्रीला तेव्हाच्या कायद्याप्रमाणे नवऱ्यापासून वेगळं अस्तित्व नव्हतं, त्यामुळे तिने अशिलाशी करार कसा करायचा, असं म्हणून एका कोर्टाने अडवलं. 1876 मध्ये सुप्रीम कोर्टाने अडवलं, कारण तिथे बाई वकील म्हणून कधी उभी राहिली नव्हती. मग कोर्टाशी भांडत बसण्यापेक्षा तिने कायदाच बदलायला घेतला. सिनेटर आणि खासदारांना गाठत राहिली. मध्येच, 1877 मध्ये, इझिकिएल वारले. फेब्रुवारी 1879 मध्ये कायदा झाला आणि 3 मार्चला तिला सुप्रीम कोर्टात प्रवेश मिळाला.

या सगळ्याला हल्ली बॅलन्स म्हणतात. आमच्या मेकॅनिक्समध्ये बॅलन्स म्हणजे सगळ्या फोर्सेसची बेरीज शून्य. बेल्वाच्या आयुष्यात ती बेरीज शून्य झालेली मला एकदाही दिसली नाही. तिच्या अंगावरचा लोड नेहमी दुसरं कोणीतरी उचलत होतं. आधी आजीआजोबा, मग इझिकिएल, आणि सगळ्यात जास्त ल्युरा. ल्युराने आईच्या वकिलीच्या ऑफिसातही वर्षानुवर्षं काम केलं. तिच्यावर मला फक्त ओळी-दोन ओळी सापडल्या. लहानपणी तिलाही राग आला असेल का? मला तरी वाटतं, आला असेल. 1894 मध्ये ती आईच्या आधी गेली.

आपल्याकडची गोष्टही सांगते. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा 1892 मध्ये दिली, पण पदवी मिळाली तीस वर्षांनी. भारतात स्त्रियांना वकिली करायला मोकळीक देणारा कायदा आला 1923 मध्ये.

बेल्वा मात्र थांबली नाही. वॉशिंग्टनच्या रस्त्यांवरून ती तीनचाकी सायकल चालवत कामाला जायची, लोक हसायचे. 1884 आणि 1888 मध्ये चक्क राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभी राहिली, तेही स्वतःला मतदानाचा हक्क नसताना! चेरोकी लोकांची केस 1906 मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकली, सुमारे पन्नास लाख डॉलरची. 1917 मध्ये ती वारली.

चेरोकींची केस चालवली तेव्हा बाई पंचाहत्तर वर्षांच्या होत्या, हे मी आईला सांगितलं. आईने बोटांवर हिशोब केला, तिच्याकडे अजून बत्तीस वर्षं निघाली. मग म्हणाली की आधी एव्हिडन्स अ‍ॅक्टचा पेपर निघू दे. त्या रात्री कॉफी मी केली, दोन कप. तिच्या कपात साखर जास्त झाली होती, पण तिने प्यायली.